पाच नंबरचा वाफा

माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ज्याची एकतीस वर्षं गेली, त्याला लोक नमुनेकाका म्हणणार, यात लोकांचा दोष नाही. मातीचे नमुने आले की ते वाळवायचे, कुटायचे, चाळायचे, त्यांच्यात जीव किती उरलाय ते तपासायचं आणि आकडा कागदावर लिहून वर पाठवायचा, हे त्यांचं काम. नाव कामावरून पडलं असं ते स्वतः मानत. बायकोच्या माहेरचे लोकही तेच नाव घ्यायला लागले तेव्हा त्यांना जरा शंका आली होती. पण प्रत्येक शंकेचं निरसन करून घेण्यात फायदा असतोच असं नाही.

या एकतीस वर्षांत त्यांनी काढलेले आकडे कितीतरी मोठ्या माणसांच्या अहवालांत जाऊन बसले. त्यांचं नाव मात्र एकाही अहवालात गेलं नाही. एकदा एका तळटीपेत 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' असा उल्लेख आला होता. तो त्यांनी घरी आणून दाखवला. बायकोने चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "यातले तुम्ही कुठले?"

निवृत्तीला नऊ महिने उरले तेव्हा हा सल उफाळून वर आला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम, वयाने काकांच्या धाकट्या मेव्हणीहूनही लहान, तेव्हा बायोचारवर काम करत होत्या. बायोचार म्हणजे पीक निघाल्यावर उरलेली कणसं, काड्या, फांद्या अगदी कमी हवेत भाजायच्या. राख न होता त्यांचा कोळसा होतो. तो मातीत मिसळला की मातीतलं कर्ब वाढतं, ओल धरून राहते, आणि पुढे शेकडो वर्षं तो जागचा हलत नाही. ही शेवटची गोष्ट काकांना फार भावली. महिनाभर घोळवून एके दिवशी त्यांनी मॅडमना विचारलं, "मी एक छोटा प्रयोग करू का? माझा स्वतःचा?"

मॅडमनी कागदातून मान वर केली. "करा की काका. नीट झाला तर वार्षिक परिषदेत तुम्हीच मांडा. तुमच्या नावाने."

'तुमच्या नावाने' हे दोन शब्द काकांनी त्या दिवशी घरापर्यंत जपून आणले, काचेचं भांडं आणावं तसे.

जागा मनात होतीच. त्यांच्या इमारतीच्या मागे जमिनीचा एक तुकडा पडून होता. बांधकामाचा चुरा आणि वर्षानुवर्षं तुडवलेली माती यांचा तिथे इतका पक्का संसार झाला होता की कुदळ मारली तर कुदळच उसळायची. तिथे सिमेंट ओतून गाड्या उभ्या करायच्या असा रहिवाशांचा विचार होता आणि त्याचा ठराव पहिल्या मजल्यावरच्या वकिलांनी लिहून तयार ठेवला होता. काका त्यांच्याकडे गेले.

"सिमेंट ओता, पण एक हंगाम थांबा," काका म्हणाले.

"माझी हरकत नाही," वकील म्हणाले. "पण तुम्ही जमिनीत काहीतरी पुरणार. तेव्हा नगर कार्यालयाची लेखी परवानगी हवी. उद्या तिथे काही उगवलं तर जबाबदारी कोणाची?"

"उगवावं म्हणूनच तर करतोय."

"तेच म्हणतोय मी. परवानगी हवी."

नगर कार्यालयात पहिल्या खिडकीवरच्या माणसाने अर्जातला 'कोळसा' हा शब्द वाचला आणि काकांना दुसऱ्या मजल्यावर इंधनाच्या टेबलाकडे पाठवलं. इंधनाच्या बाईंनी विचारलं, "कशात जाळणार?"

"जाळायचा नाही. जमिनीत पुरायचा आहे."

"कोळसा पुरायचा?" बाईंनी त्यांच्याकडे जरा मायेने पाहिलं. "तो जमिनीतून काढतात हो आजोबा."

आजोबा हा शब्द काकांना लागला. त्यांना अजून नातवंड नव्हतं. पण काम अडलेल्या माणसाने शब्द मोजायचे नसतात. बाईंनी बरीच पुस्तकं चाळली. निवासी आवारात काही पुरण्यासाठी त्या कार्यालयाकडे एकच छापील अर्ज होता, मेलेलं पाळीव जनावर पुरण्याचा. "हाच भरा," त्या म्हणाल्या. "एकही रकाना मोकळा सोडू नका, नाहीतर वरून परत येतो."

काकांनी आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. ते बाकावर बसले आणि प्रामाणिकपणे अर्ज भरू लागले. जनावराचा प्रकार: मका. वय: चार महिने. मृत्यूचं कारण: भाजल्यामुळे. मालकाशी वागणूक कशी होती, या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले आणि मग 'समाधानकारक' असं लिहिलं. तीन आठवड्यांनी परवानगी आली. खाली शिक्क्याशेजारी कोणीतरी शाईने लिहिलं होतं, 'आपल्या दुःखात सहभागी आहोत.' काकांना हसू आलं नाही. ज्या कार्यालयात मक्याचंही सुतक पाळतात, तिथली माणसं वाईट नसावीत, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

आता कोळसा. मॅडमच्या भट्टीतला कोळसा मॅडमच्या प्रयोगाला लागत होता, म्हणून काकांनी दोन पिंपं मिळवली, एक मोठं, एक लहान, आणि ओळखीच्या कणीसवाल्याकडून दाणे काढलेल्या कणसांची आठ पोती आणली. पहिल्या रविवारी पिंपात पिंप बसवून भट्टी पेटवली. आच कधी थांबवायची हे कळेपर्यंत आत शुभ्र राख झाली. तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी इमारत हेडबाई म्हणायची, येऊन म्हणाल्या, "भांडी घासायला उत्तम." तिसऱ्या मजल्यावरून सल्ला आला की झाकण लावा. दुसऱ्या मजल्यावरून आला की झाकण काढा.

पुढच्या रविवारी काकांनी झाकण निम्मं लावलं, दोन्ही मजल्यांचा मान राहावा म्हणून. धूर असा निघाला की समोरची इमारत दिसेनाशी झाली. कोणीतरी अग्निशामक दलाला फोन केला. कोणी ते अजून कळलेलं नाही, पण वकिलांनी नंतर पूर्ण आठवडा काकांच्या नजरेला नजर दिली नाही. लाल गाडी आली. चार जवान नळी घेऊन धावत मागच्या बाजूला आले आणि काका "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी पिंपावर पाण्याचा असा झोत सोडला की पिंप भिजलं, काका भिजले आणि वरच्या दोरीवरचे कपडे पुन्हा धुतले गेले.

नखशिखांत ओले काका पिंपाजवळ गेले आणि त्यांनी आत हात घातला. हातात आला तो काळाभोर, हलका, मोडला तर टणत्कार करणारा कोळसा. राखेचा कण नाही. नेमक्या क्षणी, नेमक्या जोराने पाणी पडलं होतं. ते त्यांचं त्यांना कधी साधलं नसतं. ते वळले आणि दलाच्या प्रमुखाचे दोन्ही हात आपल्या काळ्या हातांत धरून म्हणाले, "साहेब, तुमचे उपकार कसे फेडू?"

प्रमुखाला आजवर शिव्या, रडणं, भोवळ असं सगळं मिळालं होतं. हे नवीन होतं. त्याने अहवालाचा कागद काढला आणि 'आगीचं कारण' यापुढे थोडा विचार करून 'संशोधन' असं लिहिलं.

त्यानंतर चुरा उपसून काकांनी नऊ वाफे केले. तीन वाफ्यांत नुसतं कंपोस्ट खत, तीन वाफ्यांत खत आणि खतात मुरवलेला बायोचार, आणि उरलेल्या तिन्हींत काहीही नाही. हे रिकामे वाफे सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यांच्याशीच बाकीच्यांची तुलना करायची. कुठल्या वाफ्याला काय मिळणार हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. रिकामं राहणं दोन, पाच आणि आठ नंबरच्या नशिबी आलं. नऊही वाफ्यांत पालक पेरला आणि प्रत्येकावर पाटी लावली.

इमारतीने सुरुवातीला या सगळ्याची टिंगल केली. पण माणसाला रोज दिसणाऱ्या गोष्टीबद्दल मत नसणं फार अवघड असतं. महिन्याभरात येणारा-जाणारा प्रत्येकजण मागच्या बाजूने जाऊ लागला. हेडबाई रोज सकाळी वाफ्यांपुढून हजेरी घेतल्यासारख्या जात. "पालकांची सभा भरली वाटतं," असा विनोद त्यांनी पहिल्या दिवशी केला आणि नंतर रोज केला. खत घातलेल्या वाफ्यांत हिरवं दिसत होतं. रिकाम्या वाफ्यांत चार-सहा पिवळट पानं माना टाकून उभी होती. त्यातला पाच नंबरचा वाफा अगदी वाटेला लागून, त्यामुळे जाता-येता सगळ्यांच्या डोळ्यांत यायचा.

"याला काहीच देणार नाही तुम्ही?" वकिलांनी एकदा विचारलं.

"नाही. तो तसाच राहायला हवा."

"कायद्याने गुन्हेगारालासुद्धा जेवण मिळतं," वकील म्हणाले आणि निघून गेले.

मधेच काकांना प्रयोगशाळेच्या कामासाठी पाच आठवडे दूरच्या केंद्रावर जावं लागलं. जाताना त्यांनी बायकोला पाणी किती घालायचं ते लिहून दिलं, मापाचं भांडंसुद्धा दिलं. परत आले तर पाच नंबरच्या वाफ्यातला पालक गुडघ्याला लागत होता.

काकांनी आधी पाटी पाहिली. पाटी बरोबर होती. मग त्यांनी नऊही वाफ्यांतली माती घेतली आणि प्रयोगशाळेत कर्ब मोजायला बसले. या तपासणीत काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं असतं आणि हिरवा रंग विटकरी झाला की त्याच थेंबाला थांबायचं असतं. एक थेंब जास्त गेला की आकडा चुकला. काकांचा हात त्या एका थेंबासाठी नावाजलेला होता. नवीन येणाऱ्यांना मॅडम सांगायच्या, काकांच्या शेजारी उभं राहून नुसतं बघा.

आठ वाफ्यांचे आकडे अपेक्षेप्रमाणे आले. बायोचारच्या वाफ्यांत कर्ब सुरुवातीच्या तिप्पट, खताच्या वाफ्यांत थोडं कमी, दोन आणि आठ नंबर होते तिथेच. पाच नंबरचा आकडा मात्र सगळ्यांच्या वर. बायोचारच्याही वर. काकांनी पुन्हा केलं. तोच आकडा. सात वेळा केलं, सातही वेळा तोच. ज्या मातीत काहीच घातलं नाही तिच्यात कर्ब वाढतं कसं? याचं एकच उत्तर त्यांना दिसलं, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. डोळे गेले. हिरवं कुठे संपतं आणि विटकरी कुठे सुरू होतं, ते आता आपल्याला दिसत नाही. मग हे कधीपासून? गेल्या वर्षीचे आकडे? त्याच्या आधीचे? किती लोकांनी आपल्या आकड्यावर विसंबून आपल्या जमिनीत काय काय घातलं असेल? त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. बायकोने विचारलं तर म्हणाले, पोट बरं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली, बारीक अक्षरं वाचायला लावली आणि शेवटी सांगितलं, "या वयात एवढी चांगली नजर मी क्वचित पाहिली आहे."

"नीट बघा हो डॉक्टर," काका अजिजीने म्हणाले. "काहीतरी असेलच."

काहीच नाही म्हटल्यावर ते आणखी खचले. कारण मग दोष हाताचा असणार, नाहीतर डोक्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लवकर उठले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन उभे राहिले. समोर खाली वाफे दिसत होते. थोड्या वेळाने तिथे वकील आले. हातात छत्री, पाऊस नसताना. छत्री उघडून त्यांनी वरच्या खिडक्यांच्या बाजूला धरली, कडेची काकांची खिडकी तेवढी विसरले, खाली बसले आणि खिशातल्या पुडीतून पाच नंबरच्या वाफ्यात काहीतरी भुरभुरवू लागले. काकांच्या हातातला कप तसाच राहिला. वकील गेले. दहा मिनिटांनी हेडबाई आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पदराखालून डबा काढला आणि तो पाच नंबरच्या वाफ्यात रिता करून, रोपांना काहीतरी दोन शब्द सांगून निघून गेल्या.

"अगं," काका आत ओरडले, "इकडे ये. हे बघ हे लोक काय करतायत."

बायको आली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगते."

काकांनी कप खाली ठेवला. "तू पण?"

"तुमचा उरलेला अर्धं पोतं कोळसा गॅलरीत पडला होता. तुम्ही गेल्यावर खत कालवून मुरवला आणि टाकला त्याच्यात. नऊ लेकरांत तिघांना उपाशी ठेवायचं, आणि त्यातलं हे एक नेमकं खिडकीसमोर, मला रोज वरून बघवेना." मग तिने मान वर केली. "चुकलं का माझं?"

चुकलं नसतं तर काका आनंदाने नाचले असते. चुकलं होतं, तरी त्यांना नाचावंसं वाटत होतं. डोळे ठीक होते, हात ठीक होता, एकतीस वर्षांचे आकडे ठीक होते. पाच नंबरच्या मातीत कर्ब खरोखरच होतं, कारण ते खरोखरच घातलं गेलं होतं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मला आधी काहीतरी खायला दे."

दुपारी ते वही घेऊन खाली गेले. हेडबाईंनी दार उघडलं, वही पाहिली आणि आरोप ऐकण्याआधीच कबुली दिली. त्या तीन महिने घरची चहाची पत्ती धुऊन, वाळवून घालत होत्या, शेजारच्या दोन घरांचीही गोळा करून. "अहो नमुने, चाळीस वर्षं शिकवलं मी," त्या म्हणाल्या. "वर्गातल्या कच्च्या मुलाकडे आधी बघायचं असतं. तुम्ही त्याच्या गळ्यात 'काही नाही' अशी पाटी अडकवून ठेवलीत. अशाने मूल सुधारतं का?"

वकिलांनी मात्र पुरावा मागितला. काकांनी छत्रीचा उल्लेख केला. वकिलांनी दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "अंड्यांची टरफलं, कुटून. आणि कोपऱ्यावरच्या बागेतल्या कुजलेल्या पाल्याची पिशवी, आठवड्यातून दोन. पण हे मी कुठेही लिहून देणार नाही."

"का पण? तुम्हाला तर इथे सिमेंट हवं होतं."

"ती माझी बाजू आहे," वकील म्हणाले. "हे वेगळं."

परिषदेला चार दिवस उरले होते. काकांनी सगळी वही मॅडमपुढे ठेवली आणि म्हणाले की प्रयोग बिघडला, माझं नाव यादीतून काढा. मॅडमनी वही सुरुवातीपासून वाचली. चहाच्या पत्तीपर्यंत त्या गंभीर होत्या. छत्रीपाशी त्यांनी वही तोंडासमोर धरली.

"काका," डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बायोचारचे तिन्ही वाफे चांगले आहेत. रिकामे दोन उरलेत. छोटा प्रयोग आहे, छोटाच म्हणून सांगा. पाच नंबर तुलनेतून वगळा, पण लपवू नका. आणि परिषद झाली की ही वही, सात वेळा तपासल्याच्या नोंदीसकट, माझ्याकडे द्या. नवीन मुलांना दाखवायची आहे."

परिषदेत काकांचं नाव पडद्यावर आलं. पूर्ण नाव, आईवडिलांनी ठेवलेलं. बायको मागच्या रांगेत बसली होती. तिने चष्मा लावून ते वाचलं, आणि या वेळी काही विचारलं नाही. काकांनी घसा खाकरून आकडे सांगितले, उणिवा सांगितल्या, आणि पाच नंबरचा वाफा का वगळला तेही सांगितलं. शेवटी पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ उभे राहिले. काकांनी त्यांच्यासाठी पूर्वी हजारभर नमुने तपासले होते, समोरासमोर भेट मात्र पहिलीच.

"त्या वगळलेल्या वाफ्याचे आकडे सर्वांत चांगले दिसतात," ते म्हणाले. "त्याला नेमकं काय दिलं होतं?"

काकांनी वही उघडली. पत्ती, टरफलं, पाला, कोळसा असं वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबले.

"शेजार, साहेब," ते म्हणाले. "मात्रा मोजलेली नाही."

सभागृह हसलं. ज्येष्ठ शास्त्रज्ञ हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी रहिवाशांची सभा होती आणि सिमेंटचा ठराव पहिला होता. काकांनी मागच्या रात्रीपासून भाषण पाठ केलं होतं. ते उठण्याआधीच वकील उठले. ठराव आपणच लिहिला आहे, पण फेरवाचनात त्यात एक तांत्रिक त्रुटी आढळल्यामुळे आपण तो मागे घेत आहोत, असं त्यांनी सांगितलं. त्रुटी कोणती, असं कोणीतरी विचारलं.

"त्या जागेवर आधीच रहिवासी आहेत," वकील म्हणाले.

"मग गाड्या कुठे उभ्या करायच्या?"

"आहेत तिथे, रस्त्यावर. गाडीला चाकं असतात. पालकाला नसतात."

हात वर झाले. काकांनी मोजायचा प्रयत्न केला, पण नजर अगदी चांगली असूनही त्यांना ते नीट दिसेनात. मग आभार मानायला त्यांना उभं केलं. एकतीस वर्षांत आभार मानायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ते काम कायम अहवाल लिहिणाऱ्यांचं. पाठ केलेलं भाषण सिमेंटच्या विरोधात होतं, त्यामुळे त्यातला एकही शब्द उपयोगी पडेना.  शेवटी बायकोने त्यांच्या पायाशी ठेवलेली टोपली पुढे सरकवली. सकाळीच सगळे वाफे कापून प्रत्येक घरासाठी पालकाची एकेक जुडी बांधली होती.

इमारत गेले तीन आठवडे पालकच खात होती. तिसऱ्या मजल्यावर तर त्यावरून अबोला झाला होता. तरीही एकेकजण उठून आला, जुडी घेतली, बरं झालं म्हणाला आणि गेला. हेडबाईंनी आपली जुडी निरखून पाहिली आणि पास केली. सर्वांत शेवटी वकील आले. त्यांना पालक अजिबात चालत नाही, पालक वाढलेल्या ताटाशेजारीही ते बसत नाहीत, हे त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी दोन जुड्या घेतल्या.